उपाशीपोटी एक, न्याहारीनंतर एक

देवणी तालुका कर्नाटकाच्या शिवेला टेकलेला. उदगीर जवळ, लातूर त्यामानाने लांब, भालकी-बीदर शिवेपलीकडे, आणि दुखणे हाताबाहेर गेले की हैदराबाद. त्यामुळे इथल्या घरात खुंटीला अडकवलेली औषधांची पिशवी सोडली, की तिच्यातून तीन-चार गावांच्या चिठ्ठ्या निघतात. रक्तदाबाची गोळी उदगीरला सुरू झालेली असते, लातूरला कोणीतरी तिचा डोस वाढवलेला असतो, हैदराबादच्या तज्ज्ञाने तिच्या जागी दुसरी लिहिलेली असते आणि पहिली बंद करायची राहून गेलेली असते. या सगळ्यांत एक पट्टी अशी असते, की ती कोणी लिहून दिली, कधीपासून चालू आहे आणि कुठवर घ्यायची, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. ती पित्ताची.

ही पुस्तिका या दोन गोळ्यांच्या एकत्र नांदण्याविषयी आहे. विषय किरकोळ वाटेल. पण भारतात उच्च रक्तदाबाचे सुमारे ३१ कोटी लोक आहेत, असा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ साली मांडला. त्यांतल्या किती जणांच्या खिशात सकाळच्या चहाआधी घ्यायची पित्ताची गोळी असते, हे कोणत्याही औषधाच्या दुकानात तासभर उभे राहिले तरी कळते. ‘बीपीची गोळी गरम पडायलीय, तिच्यासंगं पित्ताची घ्यावीच लागते,’ हे वाक्य देवणीत, वलांडीत, उदगीरच्या मोंढ्यात कुठेही ऐकू येईल. दुकानदारही ती न मागता पुढे सरकवतो. वास्तविक पँटोप्राझोल, ओमेप्राझोल ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायची औषधे आहेत. व्यवहारात त्यांचा दर्जा खोकल्याच्या गोळीइतकाच राहिला आहे.

माझ्या मते सगळी गफलत इथून सुरू होते. रक्तदाबाच्या गोळीची आपल्याला धास्ती असते. ती एकदा लागली की सुटत नाही, म्हणून बरे वाटले की माणूस ती आपणहून बंद करतो, उपासाच्या दिवशी टाळतो, लग्नकार्यात विसरतो. पित्ताच्या गोळीची मात्र माया असते, कारण ती घेतली की दुपारपर्यंत फरक कळतो. शास्त्राचा हिशेब नेमका उलटा आहे. रक्तदाबाची गोळी बहुतेकांना कायमची लागते आणि पित्ताची बहुतेकांना चार ते आठ आठवडे पुरते. जी कायमची, तिच्यात खाडे पडतात. जी तात्पुरती, ती वर्षानुवर्षे चालते. या दोन सवयी एकाच शरीरात एकत्र आल्यावर काय होते, एवढेच पुढच्या पानांत सांगितले आहे.

या दोन औषधकुळांची गाठ फार जुनी आहे, आणि ती एकाच माणसाच्या हातून पडली आहे. सर जेम्स ब्लॅक हे स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ. हृदयाची धडधड आणि त्याचा प्राणवायूचा खर्च कमी करणारे प्रोप्रॅनोलॉल त्यांनी १९६० च्या दशकात आयसीआय या कंपनीत असताना शोधले. आधी ते हृदयशूळासाठी आले आणि मग रक्तदाबासाठीही वापरले जाऊ लागले. ब्लॅक पुढे स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या दुसऱ्या कंपनीत गेले आणि जठरातले आम्ल कमी करणाऱ्या सिमेटिडीनच्या शोधाचे नेतृत्व त्यांनी केले. ते १९७६ साली ब्रिटनमध्ये बाजारात आले. तोवर जठराच्या व्रणासाठी पोट उघडून शस्त्रक्रिया करत. ती वेळ या गोळीने पुष्कळांवरून टळली. ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल मिळाले, त्यात या दोन्ही शोधांचा वाटा होता.

गंमत अशी, की त्यांची ही दोन्ही अपत्ये एकमेकांना धार्जिणी नव्हती. १९८१ च्या सुमारास लक्षात आले, की सिमेटिडीन घेणाऱ्याच्या रक्तात प्रोप्रॅनोलॉल वाजवीपेक्षा जास्त साठते. यकृतातली जी विकरे औषधांचा निचरा करतात, त्यांतल्या बऱ्याचशांना सिमेटिडीन अडवून धरते. परिणामी नेहमीच्याच डोसात नाडी मंदावते, रक्तदाब गरजेपेक्षा खाली जातो, उठताना चक्कर येते. निफेडिपिन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल यांच्याबाबतही हेच दिसले. आम्लाची गोळी आणि रक्तदाबाची गोळी यांची खरीखुरी रासायनिक भांडणे पाठ्यपुस्तकांत शोधली, तर ती बहुतेक सिमेटिडीनच्या पानावर सापडतात.

आज ते पान जवळपास मिटले आहे. सिमेटिडीनच्या मागून रॅनिटिडीन आले. त्याने यकृताला फारसा त्रास दिला नाही आणि मराठवाड्यात ते इतके रुजले, की अजून कितीतरी वयस्कर माणसे पित्ताच्या कोणत्याही गोळीला त्याच्याच जुन्या व्यापारी नावाने मागतात. पुढे त्यात एनडीएमए हा कर्करोगाची शंका असलेला घटक आढळला. अमेरिकेने २०२० च्या एप्रिलमध्ये ते बाजारातून काढायला सांगितले आणि भारताने २०२२ साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळले. त्याच कुळातले फॅमोटिडीन अजून आहे, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांशी त्याचे सहसा वाकडे नाही.

खरा पालट ओमेप्राझोलने केला. ते १९८८ साली, म्हणजे ब्लॅक यांच्या नोबेलच्याच वर्षी, स्वीडनमध्ये आले. जठराच्या अस्तरात आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल या गोळ्या त्या पंपांना कायमचे चिकटून ते बंद पाडतात. शरीर नवे पंप बनवते तेव्हाच आम्ल पुन्हा वाढते, म्हणून गोळी रक्तातून काही तासांत नाहीशी झाली तरी परिणाम दिवसभर टिकतो. पंप चालू असताना गोळी पोचली तरच ती चिकटते, आणि पंप चालू होतात जेवणाने. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. जेवून झाल्यावर सगळ्या गोळ्या एका घोटात घेण्याची आपल्याकडची पद्धत या गोळीचा निम्मा गुण वाया घालवते. मग ‘एकीने भागत नाही’ म्हणून दुसरी सुरू होते.

आता वाचकाचा जीव आधी भांड्यात पाडतो. सरकारी दवाखान्यांतून रक्तदाबासाठी मिळणाऱ्या गोळ्या मोजक्याच आहेत. २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. या उपक्रमाने साधा, ठरीव उपचारक्रम प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत नेला. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनसारखे लघवी वाढवणारे औषध, असा तो संच. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या स्तरावर त्याची पुरस्कारासाठी निवडही झाली. या संचातल्या ॲम्लोडिपिनबरोबर किंवा टेल्मिसार्टनबरोबर पँटोप्राझोल घेतले, तर ती एकमेकांचे रक्तातले प्रमाण दखल घेण्याजोगे बदलत नाहीत. टेल्मिसार्टन तर यकृतातल्या त्या भांडखोर विकरांच्या वाटेलाच जात नाही. दोन्ही गोळ्या एका सकाळी पोटात गेल्या म्हणून कोणी घाबरून जायचे कारण नाही.

मग पुस्तिका कशाला? कारण गोळ्या एकमेकींशी भांडत नसल्या, तरी एकीने केलेला त्रास दुसरीच्या नावावर चढतो. तो उलगडायला डॉक्टरला वेळ लागतो, आणि वेळ हीच आपल्या दवाखान्यांत सगळ्यात दुर्मिळ गोष्ट.

ॲम्लोडिपिनचेच पाहा. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जे स्नायू असतात, त्यांना आवळण्यासाठी कॅल्शियम लागते. ते आत जाऊ दिले नाही की वाहिनी सैल पडते आणि दाब उतरतो. पण त्याच जातीच्या स्नायूंचे एक कडे अन्ननलिका जठराला मिळते तिथे असते, आणि खाल्लेले वर येऊ न देणे हे त्याचे काम. तेही सैल पडले, की आंबट पाणी घशाशी येते. निफेडिपिन, व्हेरापामिल, डिल्टियाझेम यांनीही हे होऊ शकते. ॲम्लोडिपिनने सगळ्यांना होत नाही, पण काहींना होतेच. मावशी सांगतात, ‘गोळी सुरू झाल्यापासून छातीत जळजळ व्हायलीय.’ ही तक्रार अगदी खरी असते. चूक होते ती पुढे. गोळी बदलण्याचा किंवा डोस कमी करण्याचा विचार न होता पित्ताची पट्टी जोडली जाते.

पहिल्या औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून दुसरे औषध द्यायचे, दुसऱ्याच्या दुष्परिणामावर तिसरे, अशा साखळीकडे पॉला रोशन आणि जेरी गुरविट्झ या दोन वैद्यकांनी १९९० च्या दशकात लक्ष वेधले. म्हाताऱ्या माणसांच्या औषधोपचारावरचा त्यांचा लेख १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यांची उदाहरणे तिकडची होती. आपल्याकडची साखळी अशी चालते: ॲम्लोडिपिनने जळजळ झाली म्हणून पँटोप्राझोल आले. त्याच ॲम्लोडिपिनने पायाला सूज आली, म्हणून लघवीची गोळी आली. ही सूज पाणी साठल्याची नसते. केशवाहिन्यांतून द्रव झिरपल्याची असते, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी उतरतही नाही. डोस कमी केल्याने किंवा टेल्मिसार्टनची जोड दिल्याने बऱ्याचदा उतरते. पण तोवर पिशवीत तीन औषधे झालेली असतात, आणि त्यांतल्या दोघींची एक वेगळीच युती सुरू झालेली असते.

ही युती मॅग्नेशियमची. पुस्तिकेतला हा भाग घाईने वाचू नये, अशी विनंती आहे. ज्वारी, भुईमुगाच्या शेंगा, तुरीची डाळ, पालेभाज्या या आपल्या ताटात मॅग्नेशियम भरपूर असते. पंप बंद करणाऱ्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या, की काही जणांच्या आतड्याला ते पुरेसे शोषता येत नाही. २००६ साली अशा रुग्णांची नोंद पहिल्यांदा एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. दुसऱ्या बाजूने क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, फ्युरोसेमाइड ही लघवीची औषधे मूत्रावाटे मॅग्नेशियम बाहेर काढतात. हौदात येणारी धार बारीक झालेली आणि खालची तोटी उघडी, असा हा प्रकार. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११ च्या मार्चमध्ये याचा जाहीर इशारा दिला. त्यांनी पाहिलेल्या रुग्णांत हा त्रास बहुधा वर्षाहून अधिक काळ गोळी घेणाऱ्यांना झाला होता, आणि सुमारे पाव भाग लोकांत नुसते मॅग्नेशियम देऊन भागले नाही, पित्ताची गोळी थांबवावी लागली.

हा त्रास ओळखायचा कसा? पोटऱ्यांत रात्री वांब येतात, हात थरथरतात, अंगात त्राण राहत नाही, ठोका चुकल्यासारखा होतो. यातले एकही लक्षण ‘मी मॅग्नेशियम’ असे सांगत येत नाही. रक्तात मॅग्नेशियम घटले की पोटॅशियमही घसरते आणि भरून काढू गेले तरी भरत नाही. वांब येतात म्हणून माणूस कॅल्शियमच्या गोळ्या घेतो, कोणी ‘नस दबली’ म्हणून सांगतो, कोणी मालिश करून देतो. मॅग्नेशियमची तपासणी नेहमीच्या रक्ततपासणीत नसते, ती मागून करून घ्यावी लागते. लघवीचे औषध आणि पित्ताची गोळी दोन्ही वर्षभराहून अधिक चालू असतील आणि पायात वांब येत असतील, तर डॉक्टरांपुढे ‘मॅग्नेशियम बघू या का?’ असे विचारण्यात संकोच नको. एप्रिल-मे महिन्यांत इकडचे ऊन, घाम आणि जुलाब यांत ही घट आणखी वाढते.

मॅग्नेशियम-पोटॅशियम घटलेल्या हृदयाला आणखी एक गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे पित्ताच्या गोळीच्या नावापुढचे ‘डी’. आपल्याकडे साधे पँटोप्राझोल कमी आणि डोम्पेरिडोन जोडलेले जास्त खपते. त्या कॅप्सूलमध्ये सहसा ४० मिलिग्राम पँटोप्राझोल आणि हळूहळू सुटणारे ३० मिलिग्राम डोम्पेरिडोन असते. हे मळमळ-उलटीचे औषध. ते हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत-लयीला लांबवू शकते. युरोपच्या औषध संस्थेने २०१४ साली ते फक्त मळमळ आणि उलटीपुरते, आणि तेही साधारण आठवड्याहून जास्त नाही, असे बंधन घातले. छातीतल्या जळजळीसाठी ते द्यायचे नाही, असेही ठरवले. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल घेणाऱ्याच्या रक्तात तर ते अधिक साठते. उलटी नाही, मळमळ नाही, तरी वर्षानुवर्षे ‘डी’ चालू, अशी माणसे देवणीच्या कोणत्याही गल्लीत भेटतील. मला विचाराल तर पिशवीतून सगळ्यात आधी प्रश्न विचारावा असा हा ऐवज आहे.

एनालाप्रिल आणि रामिप्रिल या गोळ्यांची कहाणी निराळी. त्यांनी काही जणांना कोरडा, ढास लागणारा खोकला होतो. आम्ल घशाशी आल्यानेही तसाच खोकला होतो. त्यामुळे खोकल्याचा ठपका पित्तावर बसतो, पित्ताची गोळी दुप्पट होते आणि खोकला जागचा हलत नाही. गोळी बदलून टेल्मिसार्टनसारखी दिली, की तो काही आठवड्यांत थांबतो.

पण गोळ्यांविषयी इतके बोलून विषय संपत नाही, कारण आपल्याकडे पित्तावरचे निम्मे औषध दुकानातून येतच नाही, ते स्वयंपाकघरातून येते. खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिणे, फसफसणारी पुडी घेणे, ओव्याबरोबर काळे मीठ चघळणे, जेवणानंतर चिमूटभर चूर्ण. यातल्या बहुतेकांत सोडियम असते. फसफसणाऱ्या ५ ग्रॅमच्या एका पुडीतून सुमारे ८०० मिलिग्राम सोडियम पोटात जाते. मोठ्या माणसाने दिवसभरात सगळे मिळून २ ग्रॅमच्या आत सोडियम घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे भाजीत मीठ कमी घालायला सुनेला बजावायचे आणि संध्याकाळी दोन पुड्या घ्यायच्या, असा हा कारभार. लवणभास्कर चूर्णात तर एकाहून अधिक प्रकारची लवणे असतात. हिंग्वाष्टकात सैंधव असते, आणि सैंधवाला उपासाचे पावित्र्य असले तरी रक्तदाबाच्या बाबतीत तेही मीठच. अविपत्तिकर चूर्णात निशोत्तर असते, ते रेचक आहे. लघवीचे औषध घेणाऱ्याला रोज पातळ झाले तर पोटॅशियम दोन्हीकडून जाते.

सगळ्यांत सोज्वळ दिसणारे आणि म्हणून सगळ्यांत फसवे म्हणजे ज्येष्ठमध. त्याने घसा निवतो, जळजळ शमते, हे खोटे नाही. रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरांनी १९४६ साली जठराच्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क देऊन गुण आल्याचे लिहिले. पण त्याबरोबरच पाचातल्या एखाद्या रुग्णाला चेहऱ्यावर आणि हातापायांवर सूज येते, हेही त्यांनी नोंदवले. ज्येष्ठमधापासून बनवलेले कार्बेनोक्सोलोन हे औषध १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये व्रणासाठी चालले, आणि त्यानेही रक्तदाब वाढे, पोटॅशियम उतरे. कारण आता नीट कळले आहे. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निकामी करणारे एक विकर असते. ज्येष्ठमधातला गोड घटक ते विकर अडवतो. मग कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला आणि पोटॅशियम सोडायला लावते. डॉक्टर गोळी वाढवत राहतात, दाब उतरत नाही, आणि रोज सकाळी ज्येष्ठमधाचा काढा होत असतो. तो औषधात मोडत नाही असे वाटल्याने त्याचा उल्लेख कोणी करत नाही. घसा बसला म्हणून चार दिवस कांडी चघळायला हरकत नाही. रक्तदाबाच्या माणसाने महिनोन्महिने घेऊ नये.

थंड दुधाबद्दल इथे हटकून विचारतील, कारण ज्या गावाच्या नावाने गायीची जात ओळखली जाते, तिथे दुधाला नावे ठेवणे धाडसाचे. दुधाने घटकाभर बरे वाटते, मग जठर पुन्हा आम्ल सोडते. रक्तदाबाच्या गोळ्यांशी त्याचे वैर नाही, एवढे बोलून पुढे जातो.

गुलाबी-पांढऱ्या पातळ औषधाच्या बाटल्यांतली ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची द्रावणे अटेनोलॉल, कॅप्टोप्रिल अशा काही गोळ्या आतड्यात नीट शोषू देत नाहीत. दोन्हींत दोन तासांचे अंतर ठेवले की काम भागते.

रक्तदाबाची गोळी आणि पित्ताची गोळी यांच्या मध्ये एक तिसरी गोळी उभी असते, दुखण्याची. सोयाबीनची काढणी सुरू झाली की कंबर, गुडघे, मनगटे बोलू लागतात. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांची पट्टी दुकानातून सुटी मिळते. ही औषधे जठराचे अस्तर सोलतात, म्हणून पित्ताची गोळी लागते. हीच औषधे मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतात, म्हणून रक्तदाब चढतो आणि त्याची गोळी वाढते. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, त्यावर लघवीचे औषध आणि त्यावर दुखण्याची गोळी, असे तिन्ही एकत्र आले आणि माणूस दिवसभर उन्हात राबला, तर मूत्रपिंड एकाएकी दमू शकते. दोन्ही गोळ्यांच्या मुळाशी अशी दुखण्याची गोळी असेल, तर आधी तिच्याकडे बघायला हवे. पुष्कळांचे पित्त आणि पुष्कळांचा वाढीव दाब तिथेच सुटतो.

इतके वाचून कोणी आजच पित्ताची गोळी फेकून देईल, तर तेही नको. काहींना ती खरोखर हवी असते. हृदयात स्टेंट बसलेला आहे, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे, पूर्वी जठरातून रक्त गेले आहे, अशांना ती रक्तस्रावापासून राखते. तिथे कोणती घ्यायची, हा प्रश्न मात्र आहे. क्लोपिडोग्रेलला यकृतातल्या एका विकराने जागे केल्याखेरीज ते काम करत नाही, आणि ओमेप्राझोल व इसोमेप्राझोल त्याच विकराला अडवतात. २००९ साली अमेरिकेच्या नियंत्रकांनी ही जोडी टाळायला सांगितले. पँटोप्राझोल तिथे अधिक बरे. भारतीयांत या विकराचा संथ प्रकार असलेली माणसे पुष्कळ आहेत, म्हणून आपल्याला ही बाब जास्तच लागू.

सोडायची असेल तरी गोळी एका झटक्यात सुटत नाही. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००९ साली आले. ज्यांना पित्ताचा त्रासच नव्हता, अशांपैकी निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल दिले आणि मग थांबवले. त्यानंतरच्या आठवड्यांत त्यांतल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी असा त्रास झाला. ज्यांना पहिल्यापासून औषध नसलेली गोळी दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्के होते. कोंडलेले पंप सुटल्यावर आम्ल काही काळ उसळते, ते हे. ‘सोडून बघितली, पुन्हा त्रास झाला, म्हणजे मला लागतेच’ या तर्कात इथेच खोट आहे. डोस निम्मा करत, मग दिवसाआड करत, मधल्या काळात फॅमोटिडीनचा आधार घेत डॉक्टरांच्या सल्ल्याने ती सोडवता येते.

जगण्याची रीतही थोडी बघावी लागते, आणि इथे उपदेश करणे सोपे, ते अमलात आणणे अवघड. पिकाला पाणी द्यायला लाईट रात्रीची असेल, तर माणूस दहाला जेवून आखाड्यावर आडवा होणार आणि दोनला उठणार. त्याला ‘झोपण्याआधी तीन तास जेवा’ म्हणणे सोपे आहे. निदान खाटेचे डोक्याकडचे पाय दोन विटांवर ठेवता येतात. तंबाखू आणि मिसरीने अन्ननलिकेचे ते कडे सैल पडते आणि रक्तदाबही वाढतो. ती सोडणे हा दोन्ही दुखण्यांवर एकाच वेळी लागू पडणारा उपाय.

एक धोका या सगळ्यांहून मोठा आहे. रक्तदाबाच्या माणसाची छातीतली जळजळ प्रत्येक वेळी पित्ताची नसते. चालताना किंवा जिना चढताना जड वाटणे, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, धाप, यांतले काही सोबत असेल, तर ‘गॅस धरलाय’ म्हणून सोडा पिऊन वाट बघत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि जिथे ईसीजी निघतो तिथे पोचावे. बायकांत आणि मधुमेह्यांत हृदयविकार अशा आडवळणाच्या लक्षणांनी जास्त येतो.

पुस्तिकेच्या रचनेविषयी थोडे. यात गोळ्यांची नावे घटकद्रव्यांनी दिली आहेत, कंपनीच्या नावांनी नव्हे. एकच टेल्मिसार्टन उदगीरला एका नावाने आणि हैदराबादला दुसऱ्या नावाने मिळते आणि दोन्ही घेणारी माणसे आहेत. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेले मूळ नाव वाचायला घरातल्या शिकलेल्या पोराला बसवावे, ते या पुस्तिकेतल्या नावांशी ताडावे, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना चूर्णाची डबी आणि काढ्याची पुडीही सोबत न्यावी. आशाताई आणि औषधविक्रेते यांनी हे वाचले तर त्याचा उपयोग दहापट होईल. गिऱ्हाईकाने पित्ताची पट्टी मागितल्यावर ‘मामा, किती दिवसांपासून चालू आहे?’ एवढा प्रश्न विचारायला चिठ्ठी लागत नाही.

आणि कोणत्याही औषधाचा त्रास झाला असे वाटले, तर तो कळवायची सोय आपल्या देशात आहे, ती वापरावी. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाने औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीसाठी १८००-१८०-३०२४ हा क्रमांक ठेवला आहे. तो कामाच्या दिवशी चालू असतो, डॉक्टरच नव्हे तर रुग्णही त्यावर बोलू शकतो, आणि फोनला पैसे पडत नाहीत.